नजरेसाठी टांगलेला डावा जोडा

मी खामगावच्या उकंडराव दलालांच्या डाव्या पायातला जोडा बोलतोय. उजव्याचं मला विचारू नका, त्याचं आयुष्य सरळ गेलं. वाकडं काय ते माझ्या वाट्याला आलं. आणि ज्या दिवसांत माझी खरी गरज होती, ते दिवस मी ओसरीच्या वाशाला उलटा लटकून काढले. डोळ्यांदेखत चूक चालली आहे, तिचा उपाय आपल्यापाशी आहे आणि आपल्याला बोलता येत नाही, हा संताप कसा असतो ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

माझा जन्म नांदुऱ्याचा. तुळशीराम नावाच्या कारागिराने मला शिवलं. दोऱ्याने पाय मोजायचा आणि गाठ मारून ठेवायची, ही त्याची रीत. उकंडरावांचं डावं पाऊल उजव्यापेक्षा थोडं लांब निघालं.

तुळशीराम म्हणाला, "मालक, डावा जरा मोठा ठेवतो अन् टाच कडक ठेवतो. तुमी टाच हाणून चालता."

"चालतो कुठं बे, पळतो," उकंडराव म्हणाले. "कापसाच्या धंद्यात जो चालला तो मागं राह्यला."

खोटं नव्हतं ते. उकंडराव शाळेत गेलेले नव्हते. भावांच्या वाटणीत यांच्या वाट्याला मुरमाड रान आलं, ते भावालाच देऊन हे खामगावला सरकी काढायच्या जिनात रुई उचलायला आले. जिनातून बाजारात, बाजारातून दलालीत. रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवायची विद्या त्यांनी बघून बघून उचलली. पण बाजारात त्यांचं नाव होतं ते डाव्या पायासाठी.

त्याचं असं आहे. बाजारात आलेल्या कापसाच्या बैलबंडीवर चढण्याआधी ते मला चाकाशी काढून ठेवत. कापूस म्हणजे लक्ष्मी, तिच्यावर जोडा घालून कोण चढेल? मग अनवाणी डावा पाय कापसात पोटरीपर्यंत खुपसायचा, क्षणभर डोळे मिटायचे आणि सांगायचं, "वरून कोरडा हाये, पोटात ओला. याच्यावर वजनासाठी पाणी मारलं हाये."

एकदा एका बंडीवाल्याने शपथ घेतली. "बैलांची आन मालक, थेंब नाई मारला!"

"बैलांची आन खोटी कशी म्हणू?" उकंडराव वरून म्हणाले. "थेंब नसन मारला. बादली मारली असन." सगळा बाजार हसला, बंडीवालासुद्धा. मी खाली चाकाशी बसून असायचो आणि मनात म्हणायचो, हा पाय माझ्यात राहतो बरं का.

असा तो पाय एका सकाळी मुका झाला.

होळी होऊन गेली होती, कापसाचा हंगाम ओसरला होता. उकंडराव ओट्यावर बसून आम्हाला पायात घालत होते. उजवा गेला. डावा पाय माझ्यात शिरला खरा, पण बोटांनी मला धरलं नाही. जोडा पायाला धरतो असं लोकांना वाटतं. पायसुद्धा जोड्याला धरत असतो, हे जोड्यालाच कळतं. मी ओरडायला हवं होतं. ते उठले, मी जागीच राहिलो, आणि ते आडवे झाले. तोंड वाकडं, डावा हात लोंबलेला, बोलणं जड.

"वारं गेलं अंगावरून!" झुंबरबाई, त्यांची बायको, धावत बाहेर आली.

जीव वाचला. बोलणं महिन्याभरात सुधारलं, हातही थोडा हलू लागला. पाय मात्र तसाच. आणि मग घरातल्या माणसांनी प्रेमाने एकेक चूक करायला सुरुवात केली.

पहिली चूक माझी वाट लावणारी. अंगावरून वारं जाण्याच्या आदल्याच दिवशी एका लग्नात कोणी तरी म्हणालं होतं, "उकंडरावांचं पाऊल पाहा, या वयात कसं झपाट्याचं!" झुंबरबाईने तेवढं धरून ठेवलं. नजर लागली, तीही नेमकी डाव्या पावलाला. मग उतारा काय? त्याच पायातला जोडा. लिंबू, मिरच्या आणि बिबा ओवलेल्या काळ्या दोऱ्यात तिने मला बांधलं आणि ओसरीच्या वाशाला उलटं टांगलं. नवीन घरावर, बंडीच्या मागे जुना जोडा टांगतात, तुम्ही पाहिलाच असेल. त्याला कधी विचारलंय कोणी, की बाबा, तुला काय वाटतं?

उकंडराव बाजेवर पडल्या पडल्या म्हणाले, "टांग. तुह्यं समाधान होते ना, टांग."

दुसरी चूक त्याहून मोठी. त्यांचा पाय जमिनीला लागू द्यायचा नाही, असं सगळ्यांनी ठरवलं. बाजारातले हमाल मालकाच्या मायेने सकाळ-संध्याकाळ येत. दोघे खांद्याला, दोघे पायाला. ओसरीतल्या बाजेवरून न्हाणीत, न्हाणीतून परत बाजेवर. मालकाने हालायचं नाही. मुलगा वामनराव पाहुण्यांना अभिमानाने सांगे, "बाबाले आम्ही बोटभर तरास होऊ देत नाई."

उकंडराव एकदा चिडून म्हणाले, "मले गाठ करून टाकलं लेकहो, कापसाची गाठ. उचला, ठेवा. उचला, ठेवा. आता वरतून मार्का मारा अन् मुंबईले पाठवा."

सगळे हसले. मी वाशावरून बघत होतो. त्यांच्या डोळ्यांत हसू नव्हतं.

त्याच आठवड्यात नारायणराव दलाल भेटीला आले. बाजारातले जुने प्रतिस्पर्धी, माणूस वाईट नव्हे. केळी आणली, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "आता आराम करा उकंडराव. बाजार आमी पाहू."

ते गेल्यावर उकंडरावांनी वामनरावाला जवळ बोलावलं. "दिवाळीनंतर नव्या कापसाचा मुहूर्ताचा सौदा होईन, तवा पहिल्या बंडीपाशी मी जाईन. माह्या पायानं. उचलून नेलं ना, तर त्या दिवसापासून बाजार मले माणूस म्हणून नाई, माल म्हणून पाहीन."

त्या घरात पुढचे महिने जे काही चाललं ते या एका गोष्टीसाठी चाललं.

डॉक्टर भगवानराव आले ते यानंतर. जगाच्या मोठ्या लढाईत ते पार इराकात, बसऱ्याला फौजेच्या दवाखान्यात होते. गोळ्या लागून, अंगावरून वारं जाऊन लुळे पडलेले शिपाई पुन्हा उभे करायचं काम त्यांनी तिथे केलेलं. माणूस तापट. ओसरीत पाऊल टाकलं तेव्हा चार हमाल मालकाला उचलत होते.

"खाली ठेवा!" ते ओरडले. "यांना आजपासून जो उचलेल तो यांचा वैरी."

झुंबरबाई पदर सावरून पुढे आली. "डाक्टर, बैल लंगडला तर त्याले सोडतात. जुंपत नाईत."

"बैलाचा पाय मोडलेला असतो बाई. यांचा पाय मोडलेला नाही. डोक्यातून पायाकडे जायची वाट बुजली आहे. शेतातली पायवाट बुजली तर काय करता?"

बाजेवरून उकंडरावच बोलले, "पुन्हा चालतो तिच्यावरून. चालून चालून पडते वाट."

"मग तेच करायचं. आणि हे पहिले महिने मोलाचे आहेत, ते वाया घालवू नका."

मला वाशावर नाचावंसं वाटलं. वारा सुटला होता म्हणून थोडा हललोही.

ओसरीच्या खांबांना दोन आडव्या लाकडी बल्ल्या बांधल्या गेल्या, कमरेइतक्या उंच, मधून एक माणूस जाईल एवढ्या अंतरावर. आधी नुसतं बाजेवरून उठायचं आणि बसायचं. मग बल्ल्या धरून उभं राहायचं आणि अंगाचा भार हळूहळू डाव्या पायावर टाकायचा. उकंडराव सगळा भार उजव्यावर ठेवून उभे राहत आणि हुशारीने म्हणत, "राह्यलो ना उभा?" डॉक्टर म्हणत, "एका पारड्यात माल ठेवून काटा बरोबर आला म्हणता? डाव्या पारड्यात टाका." हे मात्र त्यांना लगेच समजलं. काट्याची भाषा होती ती.

भार येऊ लागला. गुडघा लटपटे, पण धरे. अडचण पुढे होती. पाऊल उचललं की पायाचा पुढचा भाग खाली लोंबायचा आणि अंगठा जमिनीवर फरफटायचा. अनवाणी पाय, सारवलेली जमीन. कधी अडकून झोक जाई, कधी पाय घसरे.

आणि मी? कडक टाचेचा, त्या पायाच्या मापाचा, दोन हात वर. लिंबाशेजारी.

वामनरावाने अकोल्याहून बॅटरीची पेटी आणवली. तारा पायाला लावून कळ फिरवली की पाऊल बेडकासारखं उडायचं. गल्ली बघायला जमली. कळ बंद केली की पाय पुन्हा मुका. उकंडराव म्हणाले, "पेटीचा पाय चालते, माहा नाई चालत. पेटीलेच पाठवा मुहूर्ताले." डॉक्टरांनी पेटी पूर्ण नाकारली नाही. स्नायू जागा ठेवायला थोडा उपयोग आहे म्हणाले. पण त्यांच्या मनात दुसरंच होतं.

"घट्ट टाचेचा जोडा पाहिजे," ते म्हणाले. "पुढच्या टोकाला चामड्याचा पट्टा शिवायचा, तो वर आणून गुडघ्याखाली दुसऱ्या पट्ट्याला बांधायचा. म्हणजे पाऊल लोंबणार नाही, टाच आधी टेकेल. बसऱ्याला आम्ही हेच करत होतो. यांचा रोजचा जोडा कुठे आहे?"

वामनरावाने वर पाहिलं. मग उकंडरावांनी वर पाहिलं. शेवटी डॉक्टरांनीही वर पाहिलं, आणि मी आणि ते बराच वेळ एकमेकांकडे बघत राहिलो.

"हा?" डॉक्टर म्हणाले.

"त्याले हात नाई लावायचा," झुंबरबाई म्हणाली. ती माझ्याखाली येऊन उभी राहिली. "तो तिथं हाये म्हणून दुसरा पाय वाचला. त्याले काढलं अन् उद्या काही झालं, तर तुमी याल का भरून द्याले?"

आता उकंडरावांनी माझी बाजू घ्यायची की नाही? जन्मभर ज्याने चिखलातून, काट्यांतून मला नेलं, त्या माणसाने! ते म्हणाले, "राहू द्या डाक्टर. आणखी तो पट्टा काऊन? बैलाच्या वेसणीवाणी? बाजारात हसतीन लोक." भीती बायकोची नव्हती, लोकांच्या हसण्याची होती. दलाल माणूस, दुसऱ्याच्या मालातली खोट भर बाजारात दाखवेल. स्वतःची खोट चामड्याने बांधून दाखवायची त्याला शरम वाटली.

मग वामनरावाने चकचकीत काळे पंपशू आणले. टाच गुळगुळीत, तोंड रुंद. डाव्या पायातला दर पावलाला निसटायचा. फट्. पुन्हा घाला. फट्. रोज सकाळी तो आवाज ऐकायचा आणि गप्प लटकायचं, याला काय म्हणावं? पावसाळा गेला असाच. माझ्या पोटात कोळ्याने घर केलं, बिब्याची धूळ झाली, दर शनिवारी लिंबू बदललं. जोडा बदलायचं कोणाच्या मनात आलं नाही.

एके सकाळी उकंडराव बल्ल्यांच्या शेवटी वळताना पडले. फार लागलं नाही. पण उठवायला हमाल धावले तेव्हा त्यांनी हात पुढे केले नाहीत, नकारही दिला नाही. गाठोड्यासारखे उचलले गेले, बाजेवर ठेवले गेले आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

"वामन," ते भिंतीशी बोलल्यासारखे बोलले, "मुहूर्ताले बंडीत गादी टाक. मऊ टाक. नारायणराव म्हणते ते खरं हाये."

झुंबरबाई त्यांच्या पायाशी बसून अंगठ्याला तेल लावत होती. फरफटून फरफटून अंगठ्याची कातडी गेली होती, नख काळं पडलं होतं. तिने वामनरावाकडे पाहिलं, तो खरोखरच गादी काढायला आत गेला. ती उठली. चौरंग ओढला, वर चढली आणि काळा दोरा दाताने तोडला.

तिने मला तोंडासमोर धरलं. मला वाटलं आता शिव्या घालते. "इतके महिने टांगला तुले," ती म्हणाली. "नजर तं अडवली नाई तुनं. आता निदान पाय धर."

उकंडरावांनी मान वळवली. "अवं, पट्टा लावला तर लोक—"

"हसू द्या लोकाले! तुमी दुसऱ्याच्या कापसाले हसत होते तवा मी काही म्हटलं का?"

तुळशीराम नांदुऱ्याहून आला. मी उलटा सुकून लाकूड झालो होतो. त्याने मला रात्रभर तेलात भिजवलं, डॉक्टरांनी खडूने खूण केली तिथे पट्टा शिवला. उजव्याचा पत्ता लागेना, बहुतेक कुत्र्याने नेला. म्हणून उजव्या पायात नवा पंपशू आणि डाव्यात मी. उकंडरावांनी खाली पाहिलं आणि म्हणाले, "एक पाय कलेक्टराचा, एक हमालाचा."

पट्टा आवळला. पाऊल उचललं. यावेळी पुढचं टोक लोंबलं नाही. माझी टाच जमिनीला लागली, आधी टाच, मग बाकीचा मी. होळीपासून तो आवाज ऐकला नव्हता. त्यांनी पुढचं पाऊल टाकलं.

पुढचे दिवस कसले? घामाचे आणि भांडणांचे. बल्ल्या सोडून भिंतीला धरून, भिंत सोडून काठीने. वळायचं कसं, उंबरा ओलांडायचा कसा. ओट्याच्या पायऱ्यांवर डॉक्टर ओरडत, "चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी!" उकंडराव नेमकं उलटं करत आणि डॉक्टरांवरच खेकसत. गेलेले महिने काही परत आले नाहीत. डॉक्टर एकदा हळूच म्हणाले, "हाच जोडा चैत्रात मिळाला असता तर!" मी वर काय सांगत होतो मग? लिंबाला सांगत होतो.

मुहूर्ताचा दिवस आला. बंडी दारात आली. ती फाटकापर्यंतच, असं ठरलं होतं. बाजाराच्या फाटकाशी उकंडराव उतरले, दुखरा पाय आधी. समोर पहिली बंडी हळद-कुंकू लावून उभी, शेजारी नारायणराव रुमाल घेऊन. मध्ये नुसती मोकळी जमीन. लोक बघत होते. मला बघत होते, माझ्या पट्ट्याला. एक-दोघे हसले असतील. उकंडरावांनी काठी टेकली आणि निघाले.

निम्मी वाट झाली असेल. आणि तिकडून हमाल धावत आले. "मालक आले! मालक आले!" प्रेम उतू गेलेलं. कोणाला कळायच्या आत त्यांनी मालकाला खांद्यावर घेतलं, गुलाल उधळला आणि नाचत नाचत पहिल्या बंडीपाशी नेऊन ठेवलं.

मी हवेत लोंबत होतो. पुन्हा.

उकंडरावांचं तोंड गुलालाखाली पांढरं पडलं. मग जे ओरडले ते पलीकडच्या जिनात ऐकू गेलं असेल. "हरामखोरहो! कोणं सांगितलं होतं तुमाले?"

नाच थांबला. हमालांचा मुकादम चाचरत म्हणाला, "मालक, आमी तं मानानं—"

"मानानं नेलं, आता मानानं वापस न्या. जिथून उचललं तिथंच ठेवा. बोटभर इकडं नाई, बोटभर तिकडं नाई."

त्यांनी परत नेऊन ठेवलं. हसायचं धाडस आता कोणात नव्हतं. उकंडराव पुन्हा निघाले. टाच, मग मी. टाच, मग मी. मधे एकदा काठी घसरली, वामनराव पुढे झाला, त्यालाही त्यांनी हाताने थांबवलं. पोचले. नारायणरावांनी रुमाल पसरला आणि दोघांचे हात त्याच्याखाली गेले.

सौदा झाल्यावर उकंडरावांनी मूठभर कापूस खाली कापडावर टाकायला लावला. मला काढलं, डावा पाय त्यावर ठेवला, डोळे मिटले. मी शेजारी पडून वाट बघत होतो.

"काय म्हणते?" नारायणरावांनी विचारलं.

"काईच नाई म्हणत," उकंडराव म्हणाले. "मुका हाये अजून." आणि त्यांनी स्वतःच वाकून मला पायात घालायचा खटाटोप सुरू केला. त्याला फार वेळ लागला. सगळा बाजार थांबून राहिला आणि कोणी हात लावला नाही.

याला आता काही वर्षं झाली. पाय आजही मुकाच आहे, पण चालतो. पूर्वीसारखा नाही, ज्याला पूर्वीसारखं म्हणतात ते परत आलंच नाही. मी म्हातारा झालो. पण तुळशीरामाने परवा मला उलटं करून पाहिलं आणि उकंडरावांना दाखवलं. त्या डाव्या पंपशूचं पुढचं टोक घासलेलं होतं, फरफटीचं. माझी टाच झिजली आहे.

काल आमची शेजारीण सोजराबाई आली. तिच्या नांदुऱ्याच्या भावावरून वारं गेलंय. ती झुंबरबाईला म्हणाली, "वहिनी, तुमचा तो गुणाचा जोडा द्या ना. भावाच्या बाजेवर टांगतो."

मी ओट्याखाली होतो. तुम्हाला सांगतो, माझी शिवण न् शिवण आवळली. पुन्हा वासा, पुन्हा लिंबू, आणि खाली आणखी एक माणूस गाठोडं होऊन पडलेला!

झुंबरबाई काही बोलायच्या आत उकंडराव म्हणाले, "जोडा नाई भेटत. त्याच्यात पाय राह्यते माहा."

"मंग भाऊजी, माह्या भावाचं काय?"

"उद्याच्या गाडीनं मी येतो. तुह्या घरचे त्याले उचलतात का?"

"हो तं! चार जण. बोटभर तरास होऊ देत नाई."

उकंडरावांनी कपाळावर हात मारला.

आज सकाळी आम्ही स्टेशनकडे निघालोत. झुंबरबाई मागून ओरडते आहे, "अहो, बंडीत बसा!" हे ऐकत नाहीत. जलंबला गाडी बदलायची, पायऱ्या चढायच्या, उतरायच्या. माझी टाच किती पुरेल सांगता येत नाही, एखाद्या पायरीवर उकलेलही. उकलू द्या. फक्त तुमच्या घरी कोणावरून वारं गेलं, तर माझ्यासारख्याला वर टांगू नका. खाली काढा, तेल लावा आणि त्या माणसाच्या पायात घाला. मग त्याला पडेल इतकं मोकळं सोडा, आणि पडला तर धरता येईल इतके जवळ उभे राहा.